चेक इंजिनची लाईट लुकलुकायला लागली तर आधी काय करायचं आणि मग काय तपासायचं

डॅशबोर्डवरची ती इंजिनच्या चित्राची पिवळी लाईट नुसती लागून राहिली असेल तर गाडी सांभाळून घरी आणा, एकदोन दिवसात स्कॅनर लावून बघा, तेवढं चालतं. पण तीच लाईट लुकलुकत असेल, म्हणजे लागते विझते लागते असं, तर प्रकार वेगळा आहे आणि त्यात वाट बघायची नसते. आपल्याकडे बरेच जण दोन्ही एकच समजतात, कुठलातरी सेन्सर गेला असेल, पुढच्या सर्व्हिसिंगला दाखवू म्हणतात आणि निपाणीपासून बेळगावपर्यंत हायवेने तशीच गाडी दामटत आणतात, वाटेत तवंदी घाट चढवतात, आणि जे काम एका स्पार्क प्लगमध्ये भागलं असतं ते एक्झॉस्टच्या पाईपमधल्या कॅटपर्यंत, म्हणजे धूर साफ करणाऱ्या महागड्या डब्यापर्यंत जातं. प्लग शेकड्यात येतो, त्याला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल हजारात, आणि कॅट बदलायची वेळ आली की बिल पाच आकड्यांत जाऊ शकतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. हे पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो, तिथे वेटोळ्याच्या चित्राची लाईट लुकलुकली तर ती वेगळी गोष्ट, ती सरळ स्कॅनरवरच बघायची.

लुकलुकणाऱ्या लाईटचा अर्थ जवळपास नेहमी एकच असतो, गाडी मिसिंग मारतेय आणि तेही जोरात. सिलिंडरमध्ये पेट्रोल आलं, हवा आली, पण ठिणगी पडली नाही किंवा नीट जळलं नाही. क्रँकजवळ, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याजवळ, एक सेन्सर असतो, प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला छोटा धक्का बसून तो जरा वेगाने फिरतो, एखादा सिलिंडर चुकला की त्या जागी क्रँक किंचित मंदावतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ते मोजत असतो. अधूनमधून एखादी चूक झाली तर तो नोंद करून गप्प बसतो, जरा जास्त झाली तर लाईट लावून ठेवतो, आणि इतकी झाली की आता कॅट खराब होणार, तेव्हा लुकलुकवतो. म्हणजे ती लाईट इंजिनपेक्षा कॅटसाठी ओरडतेय असं समजा.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टच्या पाईपमध्ये बसवलेला डबा, आत चिनीमातीसारख्या सिरॅमिकची बारीक बारीक भोकांची जाळी आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर. धूर त्यातून जाताना त्यातले विषारी वायू कमी होतात. गाडी नीट चालू असताना तो साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअसला काम करतो. आता सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेली हवा दोन्ही तिथे पोचली की ती त्या डब्यातच पेटतात, डबा लालबुंद होतो, आतली जाळी वितळून भोकं बुजतात आणि मग धुराला बाहेर पडायला वाट राहत नाही. अशी गाडी नंतर प्लग नवे टाकले तरी पिकअप घेत नाही, कितीही ॲक्सिलरेटर दाबा.

यात आपल्या भागात एक धोका जास्त आहे. डबा इतका तापलेला असताना गाडी बाजूला घ्यायची म्हणून वाळक्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नका. चिकोडी, अथणी, हुक्केरीकडे ऊसतोडीच्या दिवसात रस्त्याच्या कडेला पाचट पडलेलं असतं, खालून आग लागायला वेळ लागत नाही. डांबर किंवा मोकळी माती बघून उभी करा.

तर लाईट लुकलुकली की सगळ्यात आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करा. एसी बंद करा, ओव्हरटेक विसरा. बऱ्याचदा लोड कमी केला की लुकलुकणं थांबतं आणि लाईट नुसती लागून राहते, तसं झालं तर हळूहळू जवळच्या पंपापर्यंत नाहीतर गावापर्यंत जाता येतं. हळू चालवूनही लुकलुकतच असेल, गाडी थरथरत असेल, मागून फट फट आवाज किंवा पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर तिथेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. शेजारी लाल लाईट लागली असेल, ऑइलची किंवा टेंपरेचरची, तर हळू चालवायचा विचारसुद्धा नको. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ ला फोन लावा, ती हायवेची हेल्पलाईन आहे. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दोरीने ओढायला कुणाला देऊ नका, चारही चाकं वर घेणारी टोइंगची गाडीच बोलवा.

घाटात मात्र जरा डोकं लावावं लागतं. मागच्या पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीचा जांबोटीच्या पुढून फोन आला, चोर्ल्याने गोव्याला निघाले होते ते लोक.

"दादा, ती पिवळी लाईट लुकलुकूलालीय, गाडी पण थरथरूलालीय, पुढं जाऊ की परत फिरू?"

"दोन्ही नको. कणकुंबी आली का?"

"आलीच की, घरं दिसूलालीत."

"मग पहिल्यात नाहीतर दुसऱ्यात हळू ने आणि वस्तीतच थांब. घाटात उतरू नको, तिथं रेंज पण जाते आणि वळणावर गाडी लावायला जागा पण मिळत नाही."

तिने ऐकलं. त्यांनी निघायच्या आदल्या दिवशी गाडी धुवायला दिलेली आणि तिथल्या पोराने बॉनेट उघडून इंजिनवर प्रेशरचं पाणी मारलेलं, वर रस्त्याचा पाऊस. दोन नंबरच्या कॉइलच्या खड्ड्यात पाणी साठलं होतं. कॉइल काढून पुसली, खड्डा कोरडा केला, गाडी लायनीवर आली. त्या दिवशी घाटात तशीच उतरवली असती तर परत वर चढवताना काय झालं असतं ते सांगायला नको.

म्हणून पावसाळ्यात, आणि खानापूर, जांबोटी, आंबोली या बाजूला राहणाऱ्यांनी तर खासच, पहिला संशय पाण्यावर घ्यायचा. प्लग इंजिनच्या डोक्यात खोल खड्ड्यात बसलेला असतो आणि वरून कॉइलचा रबरी बूट त्याला झाकतो. बूट जुना होऊन कडक झाला, चिरला की पाणी आत जातं आणि ठिणगी प्लगच्या टोकाला पडायच्या ऐवजी बाजूच्या धातूकडे पळते. इंजिन वॉश करू नका असं मी म्हणत नाही, पण प्रेशरचं पाणी वरून कॉइलवर मारू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसून घेतलेलं पुरतं.

दुसरा संशय उंदीर. ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर वस्तीकडे सरकतात आणि गरम इंजिनची ऊब त्यांना आवडते. बॉनेट उघडून बॅटरीच्या मागे, एअर फिल्टरच्या डब्याखाली बघा, लेंड्या, भुईमुगाची टरफलं, कापसाचे बोळे दिसले की समजायचं. कॉइलला आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला जाणाऱ्या वायरी हाताने चाचपत शेवटपर्यंत जा कारण कुरतडलेली जागा बहुतेक खालच्या बाजूला असते, वरून वायर छान दिसते. सापडली तर नुसता टेप गुंडाळून सोडू नका, सोल्डरचा टाका मारून वर हीट श्रिंकची नळी चढवून घ्या, टेप इंजिनच्या उष्णतेने सुटतो आणि पुढच्या पावसात तुम्ही परत तिथेच.

हे दोन्ही नसेल तर ईसीयूने नोंदवलेला दोषाचा कोड काढायचा. गेल्या दहाएक वर्षातल्या जवळपास सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर कुठेतरी १६ पिनांचं ओबीडीचं, म्हणजे दोष वाचायचं सॉकेट असतं. त्यात लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र ऑनलाईन मिळतं, मोबाईलवर ॲप टाकलं की कोड दिसतो. स्वतःकडे नसेल तर गॅरेजवाल्याकडून काढून घ्या, पण एक अट घाला, कोड पुसायच्या आधी मला स्क्रीनचा फोटो काढू दे. हे मी फार कळकळीने सांगतो. कारण बरेच जण स्कॅनर लावतात, कोड उडवतात, लाईट गेली म्हणतात, तुम्ही पैसे देऊन बाहेर पडता आणि काकतीच्या पुढे वंटमुरीचा चढ आला की लाईट परत हजर. कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नाही. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम नावाची नोंदही असते, त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन गार होतं की गरम, लोड किती होता, तिचाही फोटो घ्या.

कोड वाचणं अवघड नाही. पी०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर मिस मारतोय, पी०३०२ म्हणजे दोन नंबर, असंच तीन आणि चार. पी०३०० म्हणजे एकच असा नाही, कुठलाही मारतोय. पी०३५१ ते ०३५४ असेल तर त्या त्या नंबरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये घोळ, पी०२०१ ते ०२०४ असेल तर इंजेक्टरच्या सर्किटमध्ये. पी०१७१ सोबत असेल तर मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. एक नंबर कुठला हा प्रश्न पडतोच, तर आडव्या बसवलेल्या इंजिनात बहुतेक गाड्यांना टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर असतो, तरी आपल्या गाडीचं बघून खात्री करा.

आता खरी युक्ती, आणि यासाठी एक रुपयासुद्धा लागत नाही. समजा कोड पी०३०२ आहे. दुकानात जाऊन लगेच चार कॉइल घेऊ नका. दोन नंबरची कॉइल काढून एक नंबरला लावा आणि एकची दोनला. कोड पुसा, गाडी चालू करून आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, थोडा वेळ ठेवा, परत कोड बघा. आता पी०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर फिरला, म्हणजे कॉइलच गेलीय, तेवढी एक आणा. कोड दोनवरच राहिला तर कॉइल चांगली आहे, मग तसेच दोघांचे प्लग आपसात अदलाबदल करून बघा. प्लग फिरवूनही दोनवरच राहिला तर मग इंजेक्टर, वायरिंग, नाहीतर सिलिंडरच्या आतलं काम. चाचणी थोडक्यात उरका, मिस मारत असताना गाडी अर्धा तास चालू ठेवायची नाही, कॅटचं वर सांगितलंच.

हे करताना इंजिन गार असू द्या, हात घालता आला पाहिजे. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढा. कॉइलच्या कनेक्टरला एक लॉकची पट्टी असते, ती जोर लावून ओढू नका, जुन्या गाडीत प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, अंगठ्याने दाबून सावकाश मागे घ्या. कॉइल बहुतेक गाड्यांत १० नंबरच्या एका बोल्टवर असते. बोल्ट काढला की कॉइल थोडी डावी उजवीकडे फिरवून सरळ वर ओढायची. आणि चालू इंजिनवर कॉइल उपसून बघायची जुनी सवय कुणाला असेल तर सोडा, ती कॉइल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, शॉक बसतो, कधी कॉइल जाते आणि कच्चं पेट्रोल परत कॅटमध्ये.

कॉइल वर आली की बूटाचं टोक बघा. पांढरट किंवा काळी बारीक रेघ उभी गेलेली दिसली तर ठिणगी तिथून बाहेर पळतेय. बूट तेलाने माखलेला असेल तर वरच्या हेड कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल खड्ड्यात उतरतंय, नुसता प्लग बदलून उपयोग नाही, ते पॅकिंग आणि खड्ड्याभोवतीची सील आधी बदला.

प्लग काढायच्या आधी खड्ड्यात हवा मारा, नाहीतर साठलेली माती प्लग निघाल्या निघाल्या सिलिंडरमध्ये पडते. प्लगचा पाना हल्लीच्या गाड्यांना १६ किंवा १४ नंबरचा लागतो, आत रबर किंवा मॅग्नेट असलेला घ्या. प्लग हातात आला की उजेडात धरून नीट बघा, तो पुष्कळ काही सांगतो. टोकाला फिकट तपकिरी रंग असेल तर सिलिंडर छान जळतोय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाही. काळा, चिकट, तेलकट असेल तर आतून ऑइल येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्हची सील. पांढराफटक, फोड आल्यासारखा म्हणजे फार तापतोय. चिनीमातीवर केसासारखी चीर दिसली तर दुसरं काही बघत बसू नका, तोच चोर.

नवा प्लग घेताना गाडीच्या पुस्तकात दिलेला नंबरच घ्या, दुकानदार हाच चालतो म्हणाला तरी. साध्या प्लगचा गॅप फीलर गेजने बघा, पुस्तकात दिलेला असतो, इरिडियमचं टोक मात्र केसाएवढं बारीक असतं, तिथे गेज किंवा घासकागद लावायचा नाही. बसवताना पहिले आटे हातानेच, नुसत्या सॉकेटने फिरवत न्या, अडकला तर परत काढा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे वाकडे गेले तर प्लगच्या नादात हेडचं काम निघतं. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यावर झालं तर उत्तम. एका प्लगचं आयुष्य संपलंय म्हणजे बाकीच्यांचंही जवळपास तेच, प्लग सगळे एकदम बदला. कॉइल मात्र गेली तेवढीच.

काही जुन्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर कॉइल नसते, एक कॉइल पॅक आणि तिथून जाड वायरी. त्यात एक आणि चार मिळून एक जोडी, दोन आणि तीन मिळून दुसरी. एक आणि चार दोन्हीचे कोड एकदम आले तर कॉइल पॅकवर संशय, एकटाच आला तर वायर किंवा प्लग. रात्री अंधारात बॉनेट उघडून गाडी चालू केली की फुटलेल्या वायरीतून निळसर ठिणग्या उडताना दिसतात, फक्त हात लांब ठेवा.

सीएनजीवाल्यांना एक सोपी चाचणी जास्तीची मिळते. लाईट सीएनजीवर लुकलुकली तर बटण पेट्रोलवर करून बघा. पेट्रोलवर गाडी मलईसारखी चालली आणि सीएनजीवरच मारतेय तर सीएनजीचे इंजेक्टर, फिल्टर, रेग्युलेटर बघायचे, पण त्याच्याही आधी प्लग, कारण सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, पेट्रोलवर कसाबसा चालणारा दमलेला प्लग सीएनजीवर हात टेकतो. दोन्हीवर मारत असेल तर कॉइल, प्लग, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब. सीएनजी गाडीचे प्लग लवकर संपतात, पेट्रोलवाल्या शेजाऱ्याच्या हिशोबाने चालू नका.

कोड पी०३०० असेल, म्हणजे सगळेच आलटून पालटून मारत असतील, तर एका कॉइलच्या मागे लागण्यात अर्थ नाही, सगळ्यांना लागू असलेली गोष्ट शोधा. इनटेकच्या आसपास व्हॅक्यूमची रबरी नळी फुटली किंवा निसटली असेल तर आयडलवर सुंई सुंई आवाज येतो, पी०१७१ ही सोबत येतो. पेट्रोलचा प्रेशर कमी असेल, पंप दमला असेल तर चढाला जास्त जाणवतं. आणि पेट्रोल भरल्या भरल्या सुरू झालं असेल तर टाकीत पाणी गेलंय का बघा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळं बसतं, पंप नेमकं तेच उचलतो. थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून ठेवलं की खाली वेगळा थर दिसतो. दिसला तर टाकी उपसायचीच, वरून बाटलीतलं औषध ओतून भागत नाही. कोगनोळीला सीमेपलीकडचे लोक स्वस्त पडतं म्हणून टाकी फुल्ल करतात, त्यांनीही आणि आपणही पंपाची पावती ठेवावी, पुढे बोलायला आधार राहतो.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, लाईट जाईल, असं इंग्लिश व्हिडिओत सांगतात. ते लागून राहणाऱ्या लाईटचं आहे. झाकणाने गाडी मिसिंग मारत नाही.

प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर सगळं बरोबर आणि तरी एकच सिलिंडर मरतोय, तेव्हा कॉम्प्रेशन बघायला सांगा, अंदाजाने हेड उघडू देऊ नका. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असायला पाहिजेत, एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हे काम घरचं नाही, मिस्त्रीचं आहे. बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीमुळे मशीनचं काम जाणणारी माणसं चिक्कार आहेत, मिस्त्री कन्नड बोलणारा असो की मराठी, हातात कोडचे फोटो, कुठली कॉइल कुठे फिरवली ते लिहिलेली चिठ्ठी आणि कॉम्प्रेशनचे आकडे ठेवले की बोलणं सरळ मुद्द्यावर येतं आणि नको ते पार्ट बिलात चढत नाहीत. काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या.

काम झाल्यावर कोड पुसला की लाईट जाते, नाही पुसला तरी दोष खरंच गेला असेल तर तीन चांगल्या फेऱ्यांनंतर ईसीयू स्वतःच लाईट विझवतो. नंतर एकदा चढावर, गाडीत माणसं बसवून बघा, मोकळ्या रस्त्यावर कमजोर कॉइल लपून राहते. आता मिस मारत नाही पण गाडी वर ओढतच नाही किंवा पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा कोड, आला तर कॅटला मार बसलाय का ते तपासून घ्या. गाडी बराच वेळ मिस मारत चालवली असेल तर डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर न जळलेलं पेट्रोल खाली उतरून ऑइल पातळ झालंय, किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न बघता ऑइल आणि फिल्टर बदलून टाका.